राष्ट्रीय युद्ध स्मारक: खान्देशातून दिल्लीला निघण्याआधी

खान्देशात ज्या तालुक्यातली पोरे फौजेत नाहीत असा तालुका शोधून सापडायचा नाही. चाळीसगाव घ्या, पाचोरा घ्या, साक्री, शिरपूर, अमळनेर घ्या, कुठल्या तरी गावाच्या वेशीपाशी नाहीतर शाळेच्या आवारात एखाद्या जवानाचा अर्धपुतळा असतोच. त्या घरातली माणसे कधी ना कधी दिल्लीला जातात आणि इंडिया गेटपाशी पोचल्यावर एकच विचारतात, "आमना दादानं नाव कोठे शे?" या प्रश्नाचे उत्तर गावातून निघण्याआधी हातात हवे. दिल्लीत उभे राहून ते शोधायला गेले की दिवस जातो, म्हातारी माणसे दमतात आणि पुष्कळदा नाव न पाहताच परतावे लागते.

म्हणून आधी नावाचे बोलू. गाडी, मेट्रो, मुक्काम हे सगळे नंतर.

कोणाचे नाव कुठे

इंडिया गेट आणि राष्ट्रीय युद्ध स्मारक ही दोन वेगळी स्मारके आहेत. जागा एकमेकांना लागून असल्याने बहुतेकांची गल्लत इथेच होते. इंडिया गेट इंग्रजांनी बांधले. 1921 मध्ये पायाभरणी झाली आणि 1931 मध्ये ते खुले झाले. त्याच्या भिंतींवर 13 हजारांहून जास्त नावे आहेत, पण ती पहिले महायुद्ध आणि 1919 चे अफगाण युद्ध या काळातली. स्वातंत्र्यानंतर पडलेल्या एकाही जवानाचे नाव त्या कमानीवर नाही. 1971 च्या युद्धानंतर कमानीखाली अमर जवान ज्योती पेटवली गेली आणि 26 जानेवारी 1972 रोजी तिचे उद्घाटन झाले. पुढे पन्नास वर्षे लोक तिथेच हात जोडत राहिले. 21 जानेवारी 2022 रोजी ती ज्योत राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या ज्योतीत विलीन करण्यात आली. ज्यांच्या मनात अजून जुना फोटो आहे ते कमानीखाली ज्योत शोधत राहतात.

स्वातंत्र्यानंतर लष्कर, नौदल आणि हवाई दलातले जे जवान लढाईत किंवा मोहिमेत पडले त्यांची नावे राष्ट्रीय युद्ध स्मारकात आहेत. 1947-48 चे काश्मीर, 1961 चे गोवा, 1962, 1965, 1971, सियाचीन, श्रीलंकेतली शांतिसेना, 1999 चे कारगिल, काश्मीर आणि ईशान्येतल्या दहशतवादविरोधी मोहिमा, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिमोहिमा, हे सगळे त्यात येते. 25 फेब्रुवारी 2019 रोजी उद्घाटन झाले तेव्हा 25,942 नावे कोरलेली होती. त्यानंतर त्यात भर पडत गेली आहे.

आता सीआरपीएफ, बीएसएफ, एसआरपीएफ आणि पोलीस. आपल्याकडचे कितीतरी तरुण या दलांत आहेत, एसआरपीएफचा एक गट तर धुळ्यातच आहे. गावाच्या लेखी हा आणि तो, दोघेही फौजीच. तिरंग्यात दोघांनाही आणले जाते आणि फलकावर दोघांच्याही नावापुढे शहीद लिहिले जाते. पण ही दले संरक्षण खात्यात मोडत नाहीत, म्हणून त्यांच्या हुतात्म्यांची नावे राष्ट्रीय पोलीस स्मारकात आहेत. ते स्मारक चाणक्यपुरीत शांतिपथावर आहे आणि 21 ऑक्टोबर 2018 रोजी, म्हणजे युद्ध स्मारकाच्या चार महिने आधी, खुले झाले. 30 फूट उंच, 238 टन वजनाची काळ्या ग्रॅनाइटची एकसंध शिळा आणि शौर्याची भिंत, असे ते आहे. उद्घाटनाच्या वेळी भिंतीवर 34,844 नावे होती. 21 ऑक्टोबर ही तारीखही मुद्दाम निवडलेली. 1959 मध्ये त्याच दिवशी लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्सला चिनी हल्ल्यात सीआरपीएफचे 10 जवान पडले होते. दंतेवाड्यात किंवा पुलवाम्यात पडलेल्या सीआरपीएफ जवानाच्या घरच्यांनी इंडिया गेटला न जाता आधी इथे यावे. माझ्या मते ही एक गोष्ट गावोगावच्या माजी सैनिक संघटनांनी आवर्जून सांगायला हवी, कारण चुकीच्या स्मारकात जाऊन "आमच्या माणसाचं नावच नाही" असा घाव घेऊन परतणे फार वाईट.

पणजोबा पहिल्या महायुद्धात गेले होते, अशी घराणीही आपल्याकडे आहेत. त्यांचे नाव इंडिया गेटवर असेलच असे नाही. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, पडलेल्या आणि थडगे नसलेल्या सैनिकांची नोंद बसऱ्याच्या स्मारकात आहे, फ्रान्समधल्यांची न्यव्ह शापेलच्या स्मारकात. या सगळ्यांचा शोध कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर घरबसल्या घेता येतो. इंडिया गेटवरची पुष्कळ नावे खूप उंचावर आहेत, खालून वाचता येत नाहीत, तेव्हा घरी शोधणेच बरे.

शाळेच्या सहलींत आणखी एक प्रश्न नेहमी येतो, नंदुरबारच्या शिरीषकुमारचे नाव राष्ट्रीय युद्ध स्मारकात आहे का? नाही. 1942 च्या चळवळीत गोळ्या झेलणारा तो पोरगा आणि त्याचे सोबती स्वातंत्र्यलढ्यातले हुतात्मे. त्यांचे स्मारक नंदुरबारलाच आहे. 1825 मध्ये औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला उभी केलेली भिल्ल पलटणसुद्धा या यादीच्या बाहेरची. राष्ट्रीय युद्ध स्मारक फक्त स्वतंत्र भारताच्या तिन्ही सैन्यदलांचे.

नाव शोधायचे कसे

राष्ट्रीय युद्ध स्मारकाचे सरकारी संकेतस्थळ आहे आणि त्यावर नावाने शोध घेता येतो. स्मारकाच्या आवारातही पडदे लावलेले आहेत, तिथे नाव टाकले की पाटी कुठल्या भिंतीवर आहे ते कळते. सोपे वाटते, पण अडते ते स्पेलिंगपाशी.

फौजेची सगळी नोंद इंग्रजीत. भरतीच्या दिवशी बाबूने जसे ऐकले तसे लिहिले आणि तेच कायम झाले. सोनवणे दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेले सापडते, चव्हाणचे कधी चौहान होते, पवारचे पोवार. शिवाय आपण नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे लिहितो. फौजेच्या नोंदीत कधी वडिलांचे नाव मध्ये असते, कधी गाळलेले असते, कधी आडनावच नसते. पाटील टाकून शोधले तर इतकी नावे येतात की आपले कोणते ते कळत नाही. घरी ज्याला सगळे "नाना" किंवा "आबा" म्हणत त्याचे कागदावरचे नाव पुतण्यांना ठाऊक नसते, असेही घडते.

यावर खात्रीचा उपाय एकच, सर्व्हिस नंबर. प्रत्येक जवानाचा नंबर वेगळा असतो आणि शेवटी एक इंग्रजी अक्षर असते. सुभेदार, नायब सुभेदार अशा जेसीओंच्या नंबराआधी जेसी लागते, कायम कमिशनच्या अधिकाऱ्यांच्या नंबराआधी आयसी. हा नंबर घरात कुठे मिळेल? वीरपत्नीला पेन्शन मिळत असेल तर पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, तो असतोच. मृत्यूनंतर युनिटकडून आलेल्या पत्रावर असतो. जुन्या ट्रंकेच्या झाकणावरही तो पांढऱ्या रंगाने रंगवलेला सापडतो, फौजी माणसे ट्रंकेवर नंबर, हुद्दा, नाव लिहून घेतात. ट्रंक माळ्यावर धान्य भरायला गेली असेल तर आधी ती उतरवा आणि झाकणाचा फोटो घ्या.

कागद एकही उरला नसेल तर जळगावच्या किंवा धुळ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. लोक त्याला अजून सैनिक बोर्डच म्हणतात. तिथे वीरपत्नी, वीरमाता यांची नोंद असते. तिथूनही काम झाले नाही तर रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र टाकायचे. आपल्याकडचे बहुतेक जवान ज्या दलांत जातात त्यांतली काही ठिकाणे लक्षात ठेवा: मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातल्या सागरला, बॉम्बे सॅपर्सचे पुण्यात खडकीला, तोफखान्याचे नाशिक रोडला, रणगाडा दलाचे अहिल्यानगरला. पत्रात सर्व्हिस नंबर, हुद्दा, पूर्ण नाव, मृत्यूची तारीख, जागा आणि तुमचे नाते लिहा. तारीख अंदाजे असेल तर "अंदाजे" असेच लिहा. चुकीची तारीख ठामपणे लिहिली की शोध चुकीच्या वर्षात होतो.

नाव सापडलेच नाही तर? याचे एक मोठे कारण समजून घ्यायला हवे. फौजेत मृत्यूची नोंद दोन तऱ्हांनी होते. शत्रूशी लढताना किंवा मोहिमेवर असताना झालेला मृत्यू बॅटल कॅज्युअल्टी. आजारपण, सुटीवर असताना मोटारसायकलचा अपघात, छावणीतला साधा अपघात ही फिजिकल कॅज्युअल्टी. स्मारकातली यादी पहिल्या प्रकारच्या नोंदीवर उभी आहे. म्हणून दलाने ज्याला सलामी देऊन निरोप दिला, गावाने ज्याचा पुतळा उभारला, त्याचेही नाव स्मारकात नसू शकते. त्याने सेवा कमी केली असा याचा अर्थ नाही. घरातल्या म्हाताऱ्यांना हे दिल्लीला पोचल्यावर कळू नये, घरीच, कोणीतरी जवळच्याने, नीट बसून सांगावे. नोंद बॅटल कॅज्युअल्टीची असूनही नाव सापडत नसेल तर रेकॉर्ड ऑफिसला त्या नोंदीची प्रत जोडून लेखी विचारा. तोंडी विचारण्याने फाइल हलत नाही.

कधी जायचे

आपल्या शाळांच्या सहली डिसेंबर-जानेवारीत निघतात आणि दिल्लीसाठी नेमका हाच काळ वाईट. डिसेंबरच्या शेवटापासून जानेवारीभर धुके असते, गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात. जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात प्रजासत्ताक दिनाच्या रंगीत तालमी सुरू होतात, कर्तव्य पथ आणि इंडिया गेटचा परिसर अधूनमधून बंद होतो. 26 जानेवारीला सकाळी पंतप्रधान याच स्मारकावर पुष्पचक्र वाहतात. 2020 पासून हा मान इंडिया गेटऐवजी इथे आला. त्या आठवड्यात सामान्य माणसाने तिकडे जाण्याचा बेत करूच नये. 15 ऑगस्टच्या आसपासही बंदोबस्त कडक असतो. दिवाळीनंतरचा नोव्हेंबर दम्याच्या माणसाला सोसणार नाही इतका धुरकट. मे-जूनमध्ये ऊन आपल्या भुसावळसारखेच, आणि स्मारक म्हणजे बराचसा उघडा दगड, त्यामुळे दुपारी पायाखालून आणि वरून, दोन्हीकडून भाजते.

उरतो फेब्रुवारी-मार्च आणि ऑक्टोबरचा पूर्वार्ध. ऑक्टोबरात कापूस वेचणीला येतो, म्हणून शेतकरी घरांना फेब्रुवारी बरा. हरभरा निघालेला असतो आणि गहू अजून उभा असतो.

भुसावळ ते नवी दिल्ली हे अंतर सुमारे 1,100 किलोमीटर. इटारसी, भोपाळमार्गे दिल्लीला जाणाऱ्या पुष्कळ गाड्या भुसावळवरून जातात: पंजाब मेल, कर्नाटक एक्सप्रेस, गोवा एक्सप्रेस, सचखंड. पुण्याहून जम्मूला जाणारी झेलम एक्सप्रेस ही तर फौजींची गाडी म्हणूनच आपल्याकडे ओळखली जाते. सुटी संपवून निघालेल्या जवानाला निरोप द्यायला कितीतरी आया भुसावळच्या फलाटावर उभ्या राहिल्या असतील. मुंबईहून सुटणारी मध्य रेल्वेची राजधानी रात्री जळगावला थांबते आणि सकाळी निझामुद्दीनला पोचवते, म्हाताऱ्या माणसांना तीच सोयीची. धुळ्याच्या लोकांनी चाळीसगाव किंवा जळगाव गाठावे. नंदुरबारकरांना दोन वाटा, जळगावला येऊन पकडणे किंवा सुरतेला जाऊन पश्चिम रेल्वेने जाणे. नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण 60 दिवस आधी उघडते. पूर्वीचे 120 दिवसांचे गणित डोक्यात ठेवून कोणी आधीच खिडकीवर गेले तर हेलपाटा होतो. गाडी कोणत्या स्टेशनात जाते तेही तिकिटावर पाहून घ्या, काही नवी दिल्लीला जातात, काही हजरत निझामुद्दीनला, आणि दोन्हींपासून पुढची वाट निराळी.

मुक्कामासाठी दोन्ही महाराष्ट्र सदने, कस्तुरबा गांधी मार्गावरचे नवे आणि कोपर्निकस मार्गावरचे जुने, स्मारकापासून चालत जाण्याइतकी जवळ आहेत. पण आधी अर्ज आणि पत्र याशिवाय खोली गृहीत धरू नका.

स्टेशनपासून स्मारकापर्यंत

नवी दिल्ली स्टेशनवर उतरलात तर पिवळ्या मार्गाची मेट्रो घ्या, राजीव चौक, पटेल चौक आणि तिसरे केंद्रीय सचिवालय. तिथून कर्तव्य पथाने इंडिया गेटकडे चालत दोन किलोमीटरच्या वर. निझामुद्दीनला उतरलात तर स्टेशनाला लागून सराय काले खां निझामुद्दीन हे गुलाबी मार्गाचे मेट्रो स्टेशन आहे. तिथून लाजपत नगर, मग जांभळ्या मार्गाने खान मार्केट, आणि पुढे दीड-दोन किलोमीटर. म्हाताऱ्या माणसांना घेऊन हे चालणे करू नका, मेट्रोतून उतरल्यावर रिक्षा करा. तिथे ऑटो म्हणतात, "नॅशनल वॉर मेमोरियल" असे स्पष्ट सांगा. नुसते इंडिया गेट म्हटले की तो कमानीच्या पलीकडच्या बाजूला सोडतो आणि अख्खी प्रदक्षिणा घालावी लागते.

स्मारक कमानीच्या पूर्वेला आहे. मधे दगडी छत्री, म्हणजे खांबांवर उभा छोटा मंडप, लागते. 1968 पर्यंत तिच्यात पंचम जॉर्जचा पुतळा होता. सप्टेंबर 2022 पासून तिथे ग्रॅनाइटचा 28 फुटी सुभाषबाबूंचा पुतळा उभा आहे. छत्रीच्या मागे गेलात की स्मारक. कमानीभोवतीचा षट्कोनी रस्ता पळत ओलांडायला जाऊ नका, वाहने थांबत नाहीत. पायी जाणाऱ्यांसाठी भुयारी मार्ग केलेले आहेत, तेच वापरा.

प्रवेशाला पैसे नाहीत. तपासणी मात्र कसून होते. गावाकडच्या माणसांच्या पिशवीतून नेहमी अडकतो तो अडकित्ता, मग कांदा कापायचा चाकू, मग काडेपेटी. मेट्रोतही अडकित्ता आणि चाकू अडवतात. तंबाखूची चंची खिशातून काढून मुक्कामावरच ठेवून या. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी गाडीत खा, आवारात खायचे नाही. नारळ, उदबत्ती, हळद-कुंकू घेऊन जाणाऱ्या आया-बहिणी असतात. त्यांची भावना कोणालाही समजते, पण दगडावर काही लावायचे नाही, फोडायचे नाही. हात लावून, डोके टेकवून नमस्कार केला की पुरे.

वेळ सकाळी 9 पासून. नोव्हेंबर ते मार्च संध्याकाळी साडेसहापर्यंत, एप्रिल ते ऑक्टोबर साडेसातपर्यंत. काही कार्यक्रमामुळे बदल होतो, तेव्हा आदल्या दिवशी संकेतस्थळ पाहून घ्या.

आत गेल्यावर

बाहेरून पाहिले तर स्मारक दिसतच नाही. फक्त एक स्तंभ वर आलेला दिसतो, बाकी सगळे जमिनीच्या पातळीखाली उतरवलेले. इंडिया गेटची दृष्टिरेषा अडू नये म्हणून वास्तुरचनाकार योगेश चंद्रहासन यांनी ते तसे आखले. चेन्नईच्या त्यांच्या संस्थेचा आराखडा स्पर्धेतून निवडला गेला होता. एकात एक अशी चार चक्रे आहेत. सगळ्यात आत अमर चक्र, त्यात 15.5 मीटर उंच स्तंभ आणि ज्योत. मग वीरता चक्र, मग त्याग चक्र आणि सगळ्यात बाहेर रक्षक चक्र, म्हणजे सहाशेहून अधिक झाडांच्या रांगा.

वीरता चक्र हे छताखालचे दालन आहे आणि खान्देशातून गेलेल्या माणसाने तिथे थोडे जास्त थांबावे. तिथली ब्राँझची सहा भित्तिशिल्पे राम सुतार यांची. सुतार धुळ्याजवळच्या गोंदूरचे, 1925 चा जन्म. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकले, उमेदीच्या काळात अजिंठा-वेरूळच्या शिल्पांच्या डागडुजीवर काम केले, आणि पुढे नर्मदेकाठचा 182 मीटरचा सरदार पटेलांचा पुतळा त्यांच्या हातून उतरला. पांझरेच्या मुलखातल्या माणसाचे हे काम देशाच्या मुख्य स्मारकात आहे, हे धुळ्याच्या शाळांनी आपल्या मुलांना जाण्याआधी सांगून ठेवावे.

सहा शिल्पे म्हणजे सहा लढाया. प्रत्येकीत नेमके काय घडले ते माहीत असले तर शिल्प बोलते, नाहीतर नुसत्या बंदुका आणि चेहरे दिसतात.

तिथवाल, 1948. काश्मीरमधल्या या भागात 13 ऑक्टोबरला 1 शीख पलटणीच्या लान्स नायक करम सिंगांनी एका ठाण्यावर लागोपाठ आलेले आठ हल्ले परतवले. जखमी असतानाही ते खंदक सोडायला तयार नव्हते.

रेजांग ला ही लडाखमधली खिंड, 18 नोव्हेंबर 1962. हे शिल्प सगळ्यात जास्त वेळ पाहावे. 13 कुमाऊं पलटणीची चार्ली कंपनी, मेजर शैतान सिंग, सुमारे 120 जवान, 16 हजार फुटांच्या वर. त्यांना आपल्या तोफांचा आधार मिळू शकला नाही, कारण तोफा आणि खिंड यांच्यामध्ये डोंगराची धार आडवी होती, गोळा तिच्यावरून खाली उतरवता येत नव्हता. जवान आपापल्या मोर्च्यात शेवटच्या गोळीपर्यंत लढले. 114 पडले. त्या हिवाळ्याअखेर बर्फ उतरल्यावर मृतदेह सापडले तेव्हा कित्येकांच्या हातात शस्त्र तसेच होते.

गंगासागर आणि लोंगेवाला ही दोन्ही डिसेंबर 1971 ची, एक पूर्वेला, एक पश्चिमेला. गंगासागर आखौऱ्याजवळ, तिथे 14 गार्ड्सच्या लान्स नायक अल्बर्ट एक्का यांनी शत्रूची मशीनगन बंद पाडली आणि त्यात प्राण दिला. लोंगेवाला राजस्थानात, मेजर कुलदीप सिंग चांदपुरी आणि 23 पंजाबची एक कंपनी, समोर रणगाड्यांचा ताफा. आपल्या हंटर विमानांना रात्री लढता येत नव्हते, म्हणून पहाटेपर्यंत तग धरणे हेच त्या कंपनीचे काम होते. रणगाडे वाळूत रुतले आणि उजाडताच विमानांच्या माऱ्यात सापडले.

ऑपरेशन ट्रायडेंट हे नौदलाचे, 4 डिसेंबर 1971 ची रात्र. निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौका कराचीवर चालून गेल्या. त्यांचा पल्ला कमी, म्हणून त्यांना बराच टप्पा ओढत नेले होते. 4 डिसेंबर हा नौदल दिन आपण पाळतो तो याच रात्रीमुळे. आणि ऑपरेशन मेघदूत, 13 एप्रिल 1984, सियाचीन. इथे शत्रूच्या गोळीपेक्षा थंडी, हिमकडे आणि विरळ हवेने जास्त जवान घेतले.

यानंतर त्याग चक्र. चक्रव्यूहासारख्या एकात एक वळणाऱ्या 16 भिंती आणि त्यांवर ग्रॅनाइटच्या छोट्या पाट्या, एका जवानाला एक पाटी. तिच्यावर सोनेरी अक्षरांत नाव, हुद्दा आणि रेजिमेंट. ती अक्षरे इंग्रजीत आहेत, म्हणून वीरमातेला वाचता येणार नसेल तर तिच्याबरोबर वाचणारे कोणी हवे. आधी शोधून ठेवलेला भिंतीचा तपशील मोबाइलमध्ये न ठेवता कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा, उन्हात पडदा दिसत नाही. सापडत नसेल तर गणवेशातल्या माणसाला विचारा, नंबर सांगितला की नेऊन पोचवतात.

फोटोबद्दल. पाटी गुळगुळीत आहे, ऊन समोरून पडले की अक्षरे पांढरी फट्ट येतात आणि फोटोत नावाऐवजी आपलीच सावली उमटते. समोर उभे न राहता थोडे बाजूला सरकून, पाटीच्या उंचीवर मोबाइल आणून फोटो घ्या. कोणीतरी छत्री किंवा उपरणे धरून पाटीवर सावली केली तर अक्षरे स्वच्छ येतात. भिंत गोल असल्याने सकाळी एका बाजूला सावली, दुपारनंतर दुसऱ्या बाजूला. आपली पाटी उन्हात असेल तर बाकीचे पाहून परत या. एक फोटो एकट्या पाटीचा आणि एक शेजारच्या पाट्यांसह घ्या, पुढच्या वेळी घरातले दुसरे कोणी गेले तर शोधायला सोपे जाते.

जवळच परम योद्धा स्थळ आहे, परमवीर चक्र मिळालेल्या 21 जणांचे अर्धपुतळे. मराठी माणसाने पाहावेत असे काही: बॉम्बे सॅपर्सचे रामा राघोबा राणे, 1948 मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग काढत ते रणगाड्याखाली आडवे पडून सरपटत गेले आणि दोरीच्या खुणेने चालकाला वाट दाखवत राहिले. पूना हॉर्सचे आर्देशीर तारापोर, 1965, आणि त्याच रेजिमेंटचे अरुण खेत्रपाल, 1971. महार रेजिमेंटचे मेजर रामास्वामी परमेश्वरन, 25 नोव्हेंबर 1987, श्रीलंका. परमवीर चक्राचे पदक रेखाटले तेही एका मराठी घरातल्या सुनेने, सावित्री खानोलकर यांनी.

संध्याकाळ

सूर्यास्ताच्या जरा आधी रिट्रीटचा, म्हणजे दिवसअखेरीच्या मानवंदनेचा, कार्यक्रम होतो आणि त्या वेळी एका हुतात्म्याच्या घरच्यांच्या हस्ते पुष्पचक्र वाहिले जाते. दिल्लीत सूर्यास्त डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास, फेब्रुवारीत सव्वासहाच्या सुमारास, जूनमध्ये सातनंतर. बंद होण्याची वेळ साडेसहा म्हणून कोणी सव्वासहाला पोचले तर हिवाळ्यात कार्यक्रम केव्हाच आटोपलेला असतो. सूर्यास्ताच्या तासभर आधी आत असा. म्हाताऱ्या-आजारी माणसांना पायरीवर टेकायला जागा तेव्हाच मिळते.

पुष्पचक्राचा मान आपल्या घराला मिळावा असे वाटत असेल तर दिल्लीला जाऊन मागण्यात अर्थ नाही. रेकॉर्ड ऑफिस, युनिट किंवा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत लेखी विचारणा करा, बरोबर सर्व्हिस नंबर, हुतात्म्याशी नाते आणि ओळखपत्राची प्रत जोडा. ज्या दिवशी तो पडला तीच तारीख मिळावी अशी इच्छा असेल तर पत्रात तसे लिहा आणि काही महिने हातात ठेवा. उत्तर आल्याशिवाय अख्ख्या भावकीची तिकिटे काढू नका. पुढे तारीख बदलली तर म्हातारीला आणि एका सोबत्याला घेऊन जाणे सोपे, वीस जणांची आरक्षणे फिरवणे अवघड.

शाळेची सहल नेणाऱ्या शिक्षकांना एक सुचवणे आहे. चाळीस मुलांना एकदम त्याग चक्रात सोडले तर ती दहा मिनिटांत धावत बाहेर येतात. निघण्याआधी आपल्या तालुक्यातल्या, नाहीतर जिल्ह्यातल्या हुतात्म्यांची नावे संकेतस्थळावरून काढून एकेका मुलाला एकेक चिठ्ठी द्या: नाव, नंबर, भिंत. त्याने ती पाटी शोधायची, तिच्यावरचा हुद्दा आणि रेजिमेंट वहीत उतरवायची. परतल्यावर त्या जवानाच्या गावी ती वही दाखवायला न्या. यासाठी आत किमान दोन तास लागतात, आणि सहलीच्या बसवाल्याला हे आधीच बजावून ठेवा, नाहीतर तो अर्ध्या तासात हॉर्न वाजवायला लागतो.